डावरी आणि आत्या

आमच्या आत्याने शाळा सोडल्यानंतर आयुष्यात एकच परीक्षा दिली, आणि तीही त्रेसष्टाव्या वर्षी. मी स्वतः शाळेत गणित शिकवते. वर्षाला ढिगाने पेपर तपासते आणि पोरांची तोंडं बघून कोण गटांगळ्या खाणार ते आधीच सांगते. पण आत्याच्या परीक्षेच्या दिवशी मलाच दोरीची साधी गाठ सुटेना. ती पास झाली तर डावरी तिची होणार होती. नापास झाली तर डावरीच्या पोटात टेबलं मांडून तिला एका हॉटेलच्या दारात उभी करणार होते.

डावरी म्हणजे होडी. लाकडी, शिडाची, तीस फूट लांब, आणि पोटात एक इंजिन. कागदावर तिचं नाव निराळं आहे, चांगलं भारदस्त, मागच्या बाजूला सोनेरी अक्षरांत रंगवलेलं. ते नाव बंदरात कोणी घेत नाही. तिला डावरी का म्हणतात हे सांगायचं तर आमच्या घरातल्या दोन पुरुषांचं भांडण सांगावं लागतं. ते मी आनंदाने सांगते, कारण त्या दोघांना ते अजून आवडत नाही.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, होडीचे सुतार. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. बंदरामागच्या पत्र्याच्या छपरात ते मासेमारीच्या होड्या बांधायचे, आणि त्या बांधून बांधून कंटाळले होते. एक दिवस गावातले चष्मेवाले एक गुंडाळलेला नकाशा घेऊन आले आणि म्हणाले, मला फिरायला एक होडी हवी, देखणी हवी, घाई नाही. ‘घाई नाही’ हे शब्द आतोबांनी जन्मात पहिल्यांदा ऐकले असावेत. दोन वर्षं त्यांनी त्या होडीवर जीव ओवाळून टाकला. मागचा उभा खांब, ज्यावर सुकाणू टांगतात, त्याच्यासाठी त्यांनी तीन ओंडके नापसंत केले आणि चौथा घेतला. त्या खांबाला ते होडीचा कणा म्हणत. अजून म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात.

पुढच्या वर्षी चष्मेवाल्यांनी सासूबाईंना फिरायला नेलं आणि घात झाला. भर सकाळी वारा पडला तो पडलाच. धक्का दिसतोय, धक्क्यावरची माणसं हात हलवतायत, आणि होडी काही जागची हलेना. सकाळी नऊला निघालेली मंडळी संध्याकाळी सहाला टेकली. तेवढ्या वेळात सासूबाईंनी जावयाचे सगळे गुण सांगून झाले होते आणि दुसऱ्यांदा सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता चष्मेवाले थेट आमच्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये आले. म्हणाले, "इंजिन बसवा. कसलंही बसवा, पण बसवा."

बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, इंजिनं दुरुस्त करणारे. त्यांनी बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीतून दोन सिलेंडरचं इंजिन पैदा केलं. ते सुरू केलं की पहिला महिनाभर त्यातून पीठ उडायचं. आतोबा त्याला ‘गिरणी’ म्हणतात, ‘इंजिन’ हा शब्द त्यांनी त्याच्यासाठी आजतागायत वापरलेला नाही.

आता इंजिन बसवायचं म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा दांडा होडीबाहेर काढायला मागे भोक हवं. आणि भोक मधोमध हवं, म्हणजे नेमकं त्या खांबात. होडी परत छपरात ओढून आणली, तर आतोबा खांबापुढे उभे राहिले. "आधी माझ्यातून पाडा," म्हणाले. बाबांचं डोकं तर मुळातच गरम. त्यांनी हातातला पाना आपटला आणि अबोला सुरू झाला.

तीन आठवडे चालला तो अबोला. आत्या तेव्हा विशीची. दुपारी बाबांचा डबा घेऊन छपरात जायची, आणि हे दोघे तीन हातांवर उभे राहून तिच्यामार्फत बोलायचे. "तुझ्या भावाला सांग, खांबाला हात लावलास तर याद राख." "त्या सुतारबुवाला सांग, खांबावर बसून फिरायला जा म्हणावं चष्मेवाल्यांना." आत्या इकडून तिकडे मान वळवून वळवून दमली. तिसऱ्या आठवड्यात तिने डबा खाली ठेवला, आतोबांच्या खिशातला खडू न विचारता काढला आणि खांबाच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर, फळीवर एक गोल काढला. म्हणाली, "इथे पाडा. खांबही वाचला आणि इंजिनही बसलं. आता जेवा एकदाचे दोघं."

दोघांनी गोलाकडे पाहिलं. समोरचा हरला असं दोघांनाही वाटलं असावं, कारण दोघांनीही मुकाट्याने मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत भोक तयार होतं. टेबल एका कोपऱ्याला धरून ढकललं तर ते सरळ जात नाही, फिरतं, हे माझ्या सहावीच्या वर्गातलं कोणतंही पोर सांगेल. पण इथे होते एक नावाजलेले सुतार आणि एक नावाजलेले मेकॅनिक, आणि दोघांनाही एकमेकांची जिरवायची होती. मग टेबलाचा विचार कोण करतो?

पहिल्या दिवशी इंजिन सुरू केलं आणि होडी डावीकडे वळली. वळली ती वळतच राहिली. चष्मेवाले सुकाणू धरून बंदरात गोल गोल फिरताहेत, बाबा इंजिनाजवळ बसून ओकताहेत, कारण त्यांना धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा भोवळ येते, आणि आतोबा धक्क्यावर हाताची घडी घालून, ‘गिरणीला मी हात लावणार नाही.’ शेवटी होडी धक्क्याजवळून तिसऱ्यांदा गेली तेव्हा आत्याने आत उडी मारली. चष्मेवाल्यांना बाजूला केलं, सुकाणूची दांडी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि होडी सरळ केली. त्या दिवसापासून होडीचं नाव डावरी पडलं आणि आत्याच्या हातातलं सुकाणू काही सुटलं नाही.

वर्षभरात आत्याचं लग्नही झालं, आतोबांशीच. तीन आठवडे निरोप पोहोचवता पोहोचवता आतोबांचे निरोप जरा लांबत चालले होते, हे बाबांच्या लक्षात फार उशिरा आलं. तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या.

पुढे कधीही दांडा मध्ये घेता आला असता. पण त्यासाठी कोणीतरी एकाने चूक कबूल करायला हवी होती, आणि ते या घरात होणे नव्हे. बाबा म्हणत, "खांबात भोक पाडू दिलं असतं तर ही वेळ आली नसती." आतोबा म्हणत, "गिरणी आणलीच नसती तर? शिडावर बघा माझी होडी, सुतासारखी सरळ जाते." ते खरंच होतं, शिडावर डावरीची काही तक्रार नसे. खडूचा गोल कोणी काढला होता, याचा उच्चार मात्र दोघंही करत नसत. तेवढी हिंमत नव्हती.

आत्या मात्र खुशीत होती. दर रविवारी चष्मेवाले पुढे खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचे आणि आत्या होडी चालवायची. आत जाताना, बाहेर पडताना इंजिनावर, मधे शिडावर. इंजिनावर असताना उजवीकडे वळायचं झालं तर ती सरळ डावीकडून पाऊण चक्कर मारायची. उजवीकडे नव्वद अंश म्हणजे डावीकडे दोनशे सत्तर, हे गणित मी पुस्तकात वाचायच्या आधी आत्याच्या मांडीवर बसून शिकले. बंदरातल्या लोकांनाही सवय झाली होती. डावरी निघाली की बाकीच्या होड्या आपसूक उजव्या भिंतीला सरकायच्या. त्रेचाळीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं. कागदावर चालक होते चष्मेवाले, लायसन त्यांच्या नावावर, आणि सुकाणूवर आत्या.

मग चष्मेवाल्यांची नजर गेली. शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी लायसन परत केलं आणि आत्याला घरी बोलावून सांगितलं, "बाई, होडी तुम्हालाच द्यायची आहे. पण बंदराचं ऑफिस म्हणतं, ज्याच्याकडे लायसन नाही त्याला इंजिनाची होडी इथे ठेवता येणार नाही. महिन्याची मुदत आहे. तुम्ही परीक्षा द्या. नाहीच जमलं, तर तो हॉटेलवाला मागे लागलाय. तो निदान जाळायला तरी नेणार नाही." आत्या घरी आली, ओट्याशी उभी राहिली आणि चहाच्या भांड्यात दूध, साखर, पाणी सगळं घालून चहाच टाकायला विसरली. मला म्हणाली, "तू मास्तरीण आहेस ना? शिकव मला."

शिकवणं म्हणजे काय दिव्य होतं! पुस्तकात प्रश्न होता, समोरासमोर दोन होड्या आल्या तर तुम्ही काय कराल? उत्तर सोपं आहे, दोघांनीही उजवीकडे वळायचं. आत्या म्हणाली, "समोर कोण आहे त्यावर आहे. वाळूच्या होडीवरचा तो वाळूवाला असला तर मीच थांबते. त्याला काडीची अक्कल नाही."

"आत्या, पेपरात वाळूवाला नाहीये."

"मग तो पेपर काढणारा कधी या बंदरात आलेला नाही."

मी दोनदा पुस्तक आपटलं. तिसऱ्यांदा तिने आपटलं. पण बाई जिद्दीची. भाजी चिरताना नियम म्हणायची, कपडे वाळत घालताना होड्यांच्या दिव्यांचे रंग म्हणायची. लेखी परीक्षेत चाळीसपैकी एकतीस मिळाले. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराच्या एकतिसाचा मला एवढा आनंद झालेला नाही. मी तिला ऑफिसच्या पायऱ्यांवरच मिठी मारली.

खरी पंचाईत पुढे होती. प्रात्यक्षिकाचा कागद हातात आला. फक्त इंजिनावर चालवायचं, शीड उघडायचं नाही. धक्क्यावरून निघायचं, लाल बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, उजवीकडे वळत वळसा घालायचा, आणि परत येऊन लावायचं. उजवीकडे! आम्ही चौघंही तो कागद एकमेकांकडे देत बसलो.

शेवटी रात्री जेवताना बाबा म्हणाले, "दांडा मध्ये घेऊ. दोन दिवसांचं काम आहे. फक्त..." आणि आतोबांकडे न बघता थांबले. आतोबा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आत्या धक्क्यावर पोहोचलो तर आतोबा आधीच डावरीत होते. पायाशी हत्यारांची पेटी, हातात मोठं गिरमिट. सत्तरीचा माणूस. खांबावर त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीची खूण केली होती, बरोबर मधोमध. म्हणाले, "पाडतो भोक. पाण्यातून वर ओढून घेऊ आणि पाडतो. तुझी परीक्षा महत्त्वाची."

मला तिकडे बघवेना. ज्या खांबासाठी माणूस तीन आठवडे बाबांशी बोलला नव्हता, त्याच खांबावर त्याने स्वतः खूण केली होती.

आत्याने त्यांच्या हातातून गिरमिट काढून घेतलं. "अहो, वेड लागलं का तुम्हाला? ठेवा ते पेटीत. हिला सरळ करून पास झाले तर पास कोण झालं, मी का तो खांब? इतकी वर्षं जशी आहे तशी चालवली, तशीच चालवून दाखवीन." आतोबांनी टॉवेलने डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणाले. लाकडाला अजून हात लागला नव्हता, भुसा कुठला!

मग सराव सुरू झाला. डावरीला एक खोड होती आणि ती आत्याला ठाऊक होती. इंजिन उलटं फिरवलं, म्हणजे होडी मागे घेतली, की तिचं तोंड उजवीकडे फिरतं. मग उजवीकडे वळायला थोडं पुढे जायचं, झटक्यात मागे घ्यायचं, परत थोडं पुढे. अडचण एवढीच की मागे घ्यायचा दांडा गिरणीच्या जमान्यातला, दोन हातांनी आणि एका लाथेने पडायचा. बाबांनी धक्क्यावर बसून, होडीत पाय न ठेवता, तो सगळा भाग काढून घेतला आणि चार दिवसांत असा मऊ करून दिला की करंगळीने पडावा. आतोबांनी सुकाणूची दांडी हातभर लांब करून दिली. दोघं एकमेकांशी बोललेही. "तुझ्या बाजूचं झालं का?" "झालं. तुझं?" यापेक्षा जास्त प्रेम मी त्यांच्यात पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले ते इस्त्रीची पँट घालून, हातात पाटी आणि कागद. वय माझ्याएवढं. दोरी सांभाळायला एक माणूस चालेल म्हणाले, म्हणून मी होते. बाबा आणि आतोबा धक्क्यावर. आणि त्यांच्यापासून जरा दूर हॉटेलवाला, मोजायची टेप घेऊन. त्या टेपकडे बघून मला असा संताप आला की तीच दोरी त्याच्या गळ्यात घालावी.

आत्याने डावरी बाहेर काढली. बोयाजवळ आल्यावर पुढे, मागे, पुढे, मागे, असं करत उजवा वळसा घालायला लागली. परीक्षकांनी पाटीवरून डोकं वर काढलं. "बाई, इंजिन बिघडलंय का?"

"नाही साहेब. इंजिन उत्तम आहे. भोक चुकीच्या जागी आहे, आणि ती जागा मी दाखवली. त्रेचाळीस वर्षं झाली." आणि वळसा घालता घालता तिने सगळं सांगून टाकलं. खडू, डबा, दोन पुरुष. काही लपवलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, संपलं सगळं.

परीक्षकांचा विश्वास बसेना. "द्या बघू इकडे," म्हणाले आणि दांडी हातात घेतली. डावरीने त्यांना डावीकडे एक चक्कर मारून आणली, मग दुसरी. तिसऱ्या चक्करला डिझेलच्या पंपावरची माणसं "अहो साहेब, अहो साहेब!" करत ओरडायला लागली, तेव्हा आत्याने हळूच दांडी परत घेतली, होडी सरळ केली, आणि धक्क्याला अशी लावली की धक्का बसू नये म्हणून मधे टांगलेल्या टायरने हूं की चूं केलं नाही.

परीक्षक घामाघूम. रुमालाने मान पुसत म्हणाले, "मावशी, चालवता तुम्ही झकास. पण लायसन म्हणजे कुठलीही होडी चालवता यायला हवी. ही पुढेमागे करायची तऱ्हा पुस्तकात नाही. आमची ऑफिसची होडी आहे, सरळ चालणारी. तिच्यावर एकदा दाखवा, मग माझं काही म्हणणं नाही."

आत्या हसत हसत ऑफिसच्या होडीत बसली. सरळ चालणारी म्हणजे काय, डाव्या हाताचा खेळ! बाबांनी तर मला खूण केली, जमलं म्हणून. मीही दोरी घेऊन मागोमाग चढले.

आणि आत्याने ती होडी तीस हात जाते न जाते तोच उजव्या भिंतीवर घातली.

तिचा हात! त्रेचाळीस वर्षं त्या हाताला होडी उजवीकडे ओढून धरायची सवय. होडी सरळ जायला लागली की हात तिला उजवीकडे ओढायचा. मी ओरडले, "आत्या, सोड, सैल सोड!" ती म्हणाली, "सोडतेय गं, तो सुटत नाहीये!" परत निघालो, परत भिंत. तिसऱ्यांदा परीक्षकांनी स्वतःच इंजिन बंद केलं. आत्याने दांडी सोडली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. मी तिला आयुष्यात रडताना फार कमी पाहिलंय. तेव्हाही रडली नाही, पण तिचा चेहरा पाहून मला रडू फुटलं.

परीक्षक पाटी घेऊन ऑफिसात गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आम्ही चौघं धक्क्यावर ओळीने बसलो. हॉटेलवाल्याला धीर धरवेना. तो डावरीत उतरला, टेपचं एक टोक खांबाला लावलं आणि टेबलं किती बसतील ते मोजायला लागला. आतोबा उठायला लागले, तर बाबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. हात तसाच धरून ठेवला.

शेवटी परीक्षक बाहेर आले. कागद आत्याच्या हातात दिला आणि जरा ओशाळून म्हणाले, "मावशी, साहेबांशी भांडलो आत. पण याहून जास्त नाही देता आलं." आत्याला चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मी वाचला. लायसन होतं. तिच्या नावाचं, शिक्का मारलेलं. खाली हाताने एक ओळ लिहिली होती. ‘सदर परवाना फक्त याच होडीपुरता ग्राह्य. अन्य कोणतीही होडी चालवण्यास सक्त मनाई.’

बाबा भडकले. "हे काय? अर्धवट लायसन? सक्त मनाई म्हणजे काय? मी अर्ज करतो वर!"

"दादा, गप्प बस," आत्या म्हणाली. "दुसरी चालवायचीय कुणाला?" मग तिने तो कागद माझ्या हातातून घेतला, पदराने तोंड पुसलं, आणि आता मात्र ढसाढसा रडली, भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर. आतोबा तिच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि डावरीकडे वळली. हॉटेलवाला अजून आतच होता, गुडघ्यावर बसून, टेप ताणून.

"ए भल्या माणसा," आत्या ओरडली, "उतर आधी माझ्या होडीतून!"

इतकी वर्षं ती चष्मेवाल्यांची होडी होती, चष्मेवाल्यांची म्हणूनच ती बोलायची. ‘माझी’ हा शब्द तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.